केर्न्स: आधी रीफ, मग जंगल, आणि एक दिवस वाऱ्यासाठी मोकळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं पाच जणांचं कुटुंब मेच्या मध्यावर ऑस्ट्रेलियाला येणार आहे. सिडनी, गोल्ड कोस्ट, केर्न्स, मेलबर्न असा बेत, त्यात ईशान्य किनाऱ्यावरच्या केर्न्सच्या वाट्याला ३ रात्री. बरोबर ९ वर्षांची मुलगी, ६८ वर्षांचे वडील (२ वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली) आणि आई, ज्यांना बोट लागते. मुलगी सोडली तर पोहता कुणालाच धड येत नाही. एका दिवसात ग्रेट बॅरिअर रीफ (समुद्रातल्या प्रवाळाच्या भिंतींची रांग) आणि एका दिवसात केर्न्सच्या उत्तरेचं डेनट्रीचं जंगल होईल का? आणि प्रवाळ मेलं आहे असं सगळीकडे ऐकू येतं, तर एवढा खर्च करून यावं का?

जरूर यावं. पण ३ रात्रींत नाही, ५ रात्री ठेवा. वाढीव २ रात्री कुठून काढायच्या असं विचाराल तर मी बिनदिक्कत गोल्ड कोस्टमधून काढीन. समुद्रकाठच्या उंच इमारती आणि थीम पार्क तुम्हाला जगात पुष्कळ ठिकाणी मिळतील. पण जागतिक वारसा यादीतली दोन नैसर्गिक क्षेत्रं, १९८१ साली यादीत आलेली रीफ आणि १९८८ साली आलेलं वर्षावन, एकमेकांना टेकून उभी आहेत आणि एकाच शहरात मुक्काम करून दोन्हींकडे दिवसभराची सहल करता येते, हे केर्न्सला येऊनच बघावं लागतं.

मी बरीच वर्षं इथे रीफवर जाणाऱ्या बोटींवर गाईडचं काम करते आहे. भारतातून येणाऱ्या कुटुंबांची निराशा होते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: रीफचा दिवस सगळ्यात शेवटी ठेवलेला असतो आणि नेमका त्या दिवशी वारा सुटतो. दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान असतं, त्यामुळे बदलायला जागा नसते. म्हणून पुढचं सगळं वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं करा. रीफचं बुकिंग पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीचं करा, आणि त्याच्यानंतर एक दिवस असा ठेवा की गरज पडल्यास रीफ तिकडे सरकवता येईल.

आता वाऱ्याबद्दल जरा सविस्तर, कारण सहलीच्या जाहिरातींत हे कोणी लिहीत नाही. इथे मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम. आकाश निळं, हवा सुखद, दुपारचं तापमान २६ ते २९ अंश. त्यामुळे सगळेच या महिन्यांची शिफारस करतात. पण याच काळात आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात, मे ते ऑगस्टमध्ये कधी कधी दिवसचे दिवस. वरून लख्ख ऊन असतं, शहरात झाडाचं पान हललेलं जाणवत नाही आणि बाहेर समुद्रात २५ नॉटचा वारा असतो. म्हणजे ताशी ४५ किलोमीटरच्या पुढे. मोठ्या बोटी अशा वाऱ्यातही निघतात. बोट निघाली याचा अर्थ एवढाच की जाणं सुरक्षित आहे. प्रवास सुखाचा होईल असा त्याचा अर्थ नाही.

तेव्हा पावसाचा अंदाज बघत बसू नका, वाऱ्याचा बघा. ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याच्या म्हणजे ब्युरो ऑफ मीटिऑरॉलॉजीच्या संकेतस्थळावर किनाऱ्यालगतच्या समुद्राचा अंदाज रोज मिळतो. १५ नॉटपर्यंत वारा असेल तर आईंनाही घेऊन जा. १५ ते २० असेल तर बोट लागणाऱ्यांनी तयारीनिशी जावं. २० च्या पुढे असेल आणि तुमच्याकडे मोकळा दिवस असेल, तर बोटवाल्यांना आदल्या दिवशी दुपारपर्यंत फोन करून तारीख बदलून मागा. बऱ्याच जणांकडे एक दिवस आधीपर्यंत बदल करून मिळतो, पण ती अट बुकिंग करतानाच वाचून घ्या. सर्वात स्वस्त तिकीट बहुधा न बदलता येणारं असतं.

समुद्र सर्वात शांत असतो तो साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुट्टीत. तेव्हा वारे पडतात, पाणी नितळ होतं आणि पौर्णिमेनंतरच्या काही रात्री प्रवाळाचं सामूहिक प्रजनन होतं. लाखो गुलाबी बीजगोळ्या एकाच वेळी पाण्यात सुटतात. उकाडा मात्र वाढलेला असतो. डिसेंबर ते मार्च पावसाळा, तो कोकणासारखाच कोसळतो, वर चक्रीवादळाची टांगती तलवार. डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर वादळानंतर आलेल्या पुरात बॅरन नदीचं पाणी विमानतळावर शिरलं होतं आणि उत्तरेकडचा रस्ता दरडींनी बंद पडला होता. नाताळच्या सुट्टीत येणाऱ्यांना म्हणून मी सहसा नको म्हणते. मे हा मधला महिना आहे. पाऊस ओसरलेला, धबधब्यांना पाणी शिल्लक, समुद्राचं पाणी २५ अंशांच्या आसपास, वारे नुकते सुरू झालेले. तुमची निवड चांगली आहे.

आता वडिलांचं. इथल्या कायद्याप्रमाणे बोटीवर प्रत्येकाला आरोग्याची माहिती भरून द्यावी लागते आणि त्यात हृदयविकार, दमा, फिट येणं, मधुमेह यांची विचारणा असते. आपल्याकडचे ज्येष्ठ लोक इथे सर्रास ‘काही नाही’ अशी खूण करतात, कारण त्यांना वाटतं की खरं लिहिलं तर पाण्यात उतरू देणार नाहीत. कृपा करून असं करू नका. स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पालथं तरंगत पाण्याखालचं बघणं, हे करताना दगावलेल्यांत वयस्कर आणि हृदयाचा आजार असलेल्यांचं प्रमाण मोठं आहे. पाणी उथळ असतं, लाटाही नसतात, तरी तोंडातल्या नळीतून श्वास घेताना लागणारा जोर, अनोळखी पाण्याची भीती आणि अंगावर आलेला गारवा यांनी हृदयावर ताण येतो. त्यात आरडाओरडा होत नाही. माणूस पाण्यावर पालथा तरंगत राहतो आणि लांबून तो मासे बघतोय असंच वाटतं. माहिती खरी दिलीत तर त्यांना तरंगायचं साधन मिळेल, वेगळ्या रंगाची खूण मिळेल, जोडीदार मिळेल आणि आमची नजर त्यांच्यावर राहील. निघण्याआधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना नेमका शब्द वापरून विचारा: समुद्रात स्नॉर्केलिंग करू का? ते नको म्हणाले तर विषय संपला. त्यांच्यासाठी पाण्याखाली काचा असलेली अर्ध-पाणबुडी आणि काचेच्या तळाची बोट आहे, आणि त्यातून दिसतं ते काही कमी नसतं.

स्कूबाचा (पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारण्याचा) विचार तुम्ही नवरा-बायको करत असाल तर पोहता येत नसतानाही पहिली ओळखीची बुडी घेता येते, प्रशिक्षक हात धरून नेतो. तारकर्लीला केली असेल तर पद्धत ओळखीची वाटेल, फक्त इथे आधीचं प्रशिक्षण आणि आरोग्याची चौकशी जास्त काटेकोर असते. मुलीला ती करता येणार नाही, साधारणपणे १२ वर्षांची अट असते. आणि एक गोष्ट बुकिंग करणारे नेहमी सांगतात असं नाही: बुडी मारल्यावर त्याच दिवशी उंचावर जायचं नसतं. विमानासाठी १८ ते २४ तासांचं अंतर ठेवायला सांगतात. केर्न्समधून डोंगरातल्या कुरांडा गावाला जाणारा रोपवेही मध्ये ५४५ मीटरपर्यंत चढतो. म्हणून बुडीच्या दिवशी संध्याकाळी डोंगरात मुक्कामाला जाण्याचा बेत करू नका.

आईंसाठी दोन पर्याय आहेत. पहिला, सगळ्यांनी बाहेरच्या रीफवर जायचं, पण पाँटूनवर. पाँटून म्हणजे मूर किंवा नॉर्मन रीफसारख्या ठिकाणी कायमचा नांगरलेला मोठा तरंगता मंच. बोट तिथे लागली की तुम्ही दिवसभर त्यावर असता. बसायला सावली असते, जेवण, शौचालय, पाण्याखालचा काचेचा कक्ष, अर्ध-पाणबुडी सगळं तिथेच. लहान बोटींवर माणसं कमी असतात, दोन-तीन वेगवेगळ्या जागा बघायला मिळतात आणि पोहणाऱ्यासाठी तेच उत्तम, पण बोट सतत डुलत असते आणि पाण्यात न उतरणाऱ्याला तिथे करण्यासारखं काही नसतं. तुमच्यासारख्या कुटुंबाला मी डोळे झाकून पाँटून सांगीन. जायला दीड-दोन तास लागतात, बोटी सकाळी रीफ फ्लीट टर्मिनलवरून सुटतात आणि पाचच्या सुमारास परततात.

दुसरा पर्याय ग्रीन आयलंड. ४५ मिनिटांत पोचता येतं, लांबलचक धक्का आहे, साधारण १२ हेक्टरचं प्रवाळाच्या वाळूचं बेट आणि त्यावर दाट झाडी. रीफच्या तुकड्यावर जंगल उगवलेलं बघायचं तर हीच जागा. प्रवाळ मात्र बाहेरच्या रीफइतकं देखणं नाही आणि किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ असण्याचा संभव जास्त. वारा १५ ते २० च्या मध्ये असेल आणि आई घाबरत असतील तर आजी-आजोबांनी ग्रीन आयलंडला जावं, तुम्ही तिघांनी बाहेर. काही कंपन्या एकाच दिवसात दोन्ही जोडून नेतात. तो पर्याय कागदावर छान दिसतो, पण दोन्हीकडे घाई होते.

बोट लागू नये म्हणून गोळी घ्यायची तर निघण्याआधी तासभर. उलटीची भावना आल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो. कोणती गोळी चालेल ते घरच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः वडिलांच्या रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर. रिकाम्या पोटी येऊ नका आणि पोटभर पराठे खाऊनही येऊ नका. टोस्ट, केळं, थोडं आलं, बस्स. बोटीत मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर, मध्यावर बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. मोबाईल खिशात. पुढच्या टोकाला बसून फोटो काढणारे अर्ध्या तासात पांढरेफटक पडतात.

पोहायला न येण्याची काळजी करू नका. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात अंग तरंगतं, शिवाय जॅकेट, फोमचा नूडल आणि गाईड ओढत नेतो ती रिंग असते. मुखवटा चेहऱ्यावर बसवायला आणि नळीतून श्वास घ्यायला आदल्या दिवशी शहरातल्या एस्प्लनेडवरच्या लगूनमध्ये शिका. हा खाऱ्या पाण्याचा मोठा तलाव आहे, प्रवेश फुकट, जीवरक्षक हजर. अर्धा तास तिथे घालवलात तर रीफवरचा पहिला अर्धा तास गोंधळात जाणार नाही. चष्मा असेल तर नंबरचा मुखवटा बोटीवर मिळतो का हे आधीच विचारून ठेवा. मिशी असलेल्यांच्या मुखवट्यात पाणी झिरपतं, तेव्हा वडिलांना किंवा तुम्हाला मिशी असेल तर वरच्या ओठाला थोडं व्हॅसलिन लावून बघा.

पाण्यात अंगभर लायक्राचा सूट घाला, तो बोटीवर मिळतो. नोव्हेंबर ते मे हा जेलीफिशचा काळ धरतात, म्हणजे तुम्ही त्याच्या शेपटाला येत आहात. बॉक्स जेलीफिश मोठा असतो आणि तो किनाऱ्याजवळ जास्त. इरुकांजी जातीचा मात्र बोटाच्या नखाएवढा आणि पारदर्शक, तो किनाऱ्यावर लावलेल्या जाळीतूनही शिरू शकतो. डंख झाल्याची शंका आली तर चोळायचं नाही, गोडं पाणी टाकायचं नाही, व्हिनेगर ओतायचं आणि ००० या आपत्कालीन क्रमांकाला फोन करायचा. किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या खांबाला लावून ठेवलेल्या दिसतील, त्या यासाठीच. या सूटचे आणखी दोन फायदे: ऊन लागत नाही, आणि पोहण्याचे कपडे घालायला संकोचणाऱ्या आपल्याकडच्या बायका मोकळेपणाने पाण्यात उतरतात. पाण्यात उतरायचं नाही असं ठरवून आलेल्या कितीतरी आज्या सूट अंगात चढल्यावर तासभर बाहेर यायला तयार नसतात.

आता प्रवाळ मेलं का, हा प्रश्न. मला तो रोज विचारला जातो आणि त्याचं उत्तर मी जपून देते, कारण ‘सगळं मेलं’ हे खरं नाही आणि ‘सगळं ठीक आहे’ हेही खरं नाही. ही रीफ २३०० किलोमीटर लांब आहे आणि तिच्यात ३००० च्या आसपास वेगवेगळ्या रीफ आहेत. एक चांगली असते तेव्हा शेजारची वाईट असू शकते. पाणी नेहमीपेक्षा अंशभर जास्त तापून तसंच काही आठवडे राहिलं की प्रवाळातले इवले जीव आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतात. त्यांना रंग आणि बरंचसं अन्न त्याच शेवाळाकडून मिळतं. मग ते पांढरे पडतात. पांढरं पडणं म्हणजे मरणं नव्हे, ती उपासमार आहे. पाणी वेळेत थंड झालं तर ते सावरतात. असं मोठ्या प्रमाणावर १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५ मध्ये झालं. वर्षं बघा, मधलं अंतर कसं कमी होत गेलंय. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सच्या २०२५ च्या अहवालात उत्तर भागातलं कठीण प्रवाळाचं आच्छादन वर्षभरात सुमारे ४० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आल्याची नोंद आहे. त्याआधीच्या काही वर्षांत ते चांगलं वाढलंही होतं, पण ती वाढ मुख्यतः भराभर वाढणाऱ्या फांद्यांच्या प्रवाळाची होती. उष्णतेला आणि वादळाला तेच पहिलं बळी पडतं.

तुम्हाला प्रत्यक्षात काय दिसेल? जाहिरातीतले झगझगीत गुलाबी-जांभळे रंग पुष्कळदा दिव्याच्या प्रकाशात टिपलेले असतात. खोल पाण्यात लाल रंग पोचतच नाही. निरोगी प्रवाळ बरंचसं तपकिरी, हिरवट, मातकट, टोकाला निळसर असतं. ते तपकिरी बघून ‘मेलेलं’ म्हणू नका, ते जिवंत आहे. हाताच्या कवेत न मावणारे मोठे शिंपले दिसतील, सावली पडली की ओठ मिटणारे. पोपटमासे प्रवाळ कुरतडताना कुर्रकुर्र आवाज पाण्यात ऐकू येतो, मुलीला तो ऐकायला सांगा. नशीब असेल तर कासव. काही ठिकाणी मेलेल्या फांद्यांचा ढिगारा दिसेल, तोही बघा. त्यावर नखाएवढी नवी प्रवाळं रुजलेली शोधा.

कशावरही उभं राहू नका, हात लावू नका. दमलात तर उलटं होऊन तरंगा आणि हात वर करा, कोणीतरी येतंच. बोटीच्या तिकिटात किंवा वर वेगळे प्रत्येकी काही डॉलर सरकारी शुल्क असतं, ते या सागरी उद्यानाच्या व्यवस्थापनाला जातं. त्यावरून कुरकुर करू नका असं मी मनापासून सांगते.

जंगलाकडे वळण्याआधी मगरी. केर्न्स शहराला पोहण्याचा किनारा नाही. समोर आहे तो चिखलाचा सपाट पट्टा, ओहोटीला शेकडो पक्षी उतरतात असा, आणि त्याच्या कडेला खाडी आणि कांदळवन. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. नदी, खाडी, नदीच्या मुखाचा किनारा, कुठेही पाण्याच्या कडेपासून किमान ५ मीटर लांब राहायचं. पाय बुडवून फोटो नाही. पिवळा फलक नसला तरी मगर नाही असं समजू नका. पोहायचं तर लगून, हॉटेलचा तलाव किंवा पाम कोव्ह, ट्रिनिटी बीचसारख्या ठिकाणी जाळीच्या आत, जीवरक्षक असताना.

डेनट्रीला स्वतः गाडी चालवत जायचं की बसने? गाडी डावीकडूनच चालवायची असल्यामुळे आणि लायसन्स इंग्रजीत असल्यामुळे आपल्या लोकांना ते सोपं वाटतं. पण तुमच्यासाठी मी लहान बसची, गाईडसह सहल सांगीन. जंगलात नुसतं चालत गेलात तर हिरव्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही, दाखवणारा लागतो. शिवाय मेमध्ये सहाच्या आत सूर्य मावळतो आणि परतीच्या वळणावळणाच्या रस्त्यावर अंधारात वॉलबी (लहान कांगारूसारखे प्राणी) आडवे येतात. स्वतः जाणारच असाल तर मुलीसाठी वयाप्रमाणे गाडीतलं आसन लागतं का हे गाडी घेतानाच विचारा (७ वर्षांखालच्या मुलांना ते सक्तीचं आहे), टाकी वाटेतल्या मॉसमन गावात भरा, डेनट्री नदीपलीकडे मोबाईलला फारशी रेंज नसते म्हणून नकाशा उतरवून ठेवा आणि केप ट्रिब्युलेशनच्या पुढे जाऊ नका. तिथून पुढचा रस्ता फक्त फोर-व्हील ड्राइव्हचा आहे.

वाटेत मॉसमन गॉर्ज, म्हणजे नदीची घळ, लागते. गाडी खाली केंद्रात ठेवून बसने वर जावं लागतं. तिथे कुकू यलांजी या इथल्या मूळ रहिवाशांबरोबरची चाल घ्या, मी या सगळ्या सहलीतला सर्वात मोलाचा भाग त्यालाच म्हणेन. हे जंगल त्यांचं आहे. २०२१ मध्ये डेनट्री राष्ट्रीय उद्यान सरकारने त्यांच्या मालकीत परत दिलं. कोणत्या पानांचा फेस होतो, कोणतं फळ भिजवून विष काढल्याशिवाय खायचं नाही, कोणतं झाड फुललं की समुद्रात काय पकडायला जायचं, हे ते सांगतात. ‘जंगल आणि समुद्र एकच’ हे गाईडकडून घोषणेसारखं ऐकण्यापेक्षा त्यांच्याकडून ऐकावं.

मग डेनट्री नदी. पूल नाही, तारेवर चालणारी फेरी आहे, गाडीतून उतरायचं नाही. पलीकडे जिंडाल्बा आणि मारजा इथे लाकडी पायवाटा आहेत, आजी-आजोबांना सहज जमतील अशा. पंख्यासारख्या पानांचे ताड, जमिनीवर पसरलेली भिंतीसारखी मुळं, काटेरी वेताच्या वेली ज्या कपड्यात अडकल्या की मागे येऊन सोडवाव्या लागतात. वाट सोडू नका. हृदयाच्या आकाराच्या केसाळ पानांचं एक झाड आहे, गिंपी-गिंपी, त्याच्या स्पर्शाची वेदना महिनोन् महिने उसळून येते. कॅसोवरी हा माणसाएवढा, निळ्या मानेचा पक्षी दिसला तर हळूहळू मागे सरका, पळू नका, आणि खायला तर मुळीच देऊ नका. इथल्या कितीतरी झाडांची मोठी फळं गिळून बी दूर नेऊन टाकणारा तोच आहे. तो गेला तर ती झाडं जागच्या जागी राहतील.

केप ट्रिब्युलेशनला जंगल थेट वाळूपर्यंत येतं आणि समोर पाण्याखाली रीफ सुरू होते. ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकने १७७० मध्ये याच किनाऱ्याजवळ जहाज रीफवर आदळल्यावर या टोकाला संकटाचं नाव दिलं. कुकू यलांजी त्याला कुल्की म्हणतात. तिथे उभं राहिल्यावर एक गोष्ट मुलीला दाखवा. डोंगरावर पडलेला पाऊस नद्यांतून रीफकडेच जातो. जंगल आणि कांदळवन शाबूत असेल तर माती अडते. वाटेत तुम्ही बघितलेल्या उसाच्या शेतांतून खत आणि गाळ वाहून गेला तर पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ माजतं, त्यावर काटेरी मुकुटाच्या तारामाशांची पिल्लं जास्त संख्येने जगतात आणि तेच तारामासे मोठे होऊन प्रवाळ खातात. त्यांना एकेक शोधून व्हिनेगर किंवा पित्तक्षारांचं इंजेक्शन देणारे पाणबुडे रोज या रीफवर उतरतात. उसाच्या पट्ट्यातून आलेल्या आपल्या लोकांना हे चटकन कळतं.

कुरांडाचा दिवस सोपा आहे आणि तोच मोकळा दिवस म्हणून धरा. सकाळच्या आगगाडीने वर जा आणि रोपवेने खाली या. ही रेल्वे १८८६ ते १८९१ या काळात बांधली, हाताने खोदलेले १५ बोगदे आहेत, साधारण दोन तास लागतात. रोपवे साडेसात किलोमीटरचा, जंगलाच्या शेंड्यांवरून जातो. मधल्या दोन्ही स्थानकांवर उतरा, बरेच जण उतरत नाहीत. कुरांडा गावात दुकानंच दुकानं आहेत, दोन तास पुरेत. ढग उतरलेल्या दिवशी रोपवेचं तिकीट वाया गेलं असं समजू नका, या जंगलाला ढगच शोभतो.

पाचवा दिवस उरला तर ॲथर्टन पठार. ईचम सरोवरात, ज्वालामुखीच्या विवरातल्या गोड्या पाण्यात पोहता येतं. युंगाबुराजवळचा पडद्यासारखी मुळं सोडलेला वड बघा आणि संध्याकाळी तिथल्याच ओढ्यावर गप्प बसून प्लॅटिपसची, म्हणजे बदकासारखी चोच असलेल्या पाण्यातल्या प्राण्याची, वाट बघा. आत्तापर्यंतच्या गर्दीनंतर वडिलांना हा दिवस सर्वात आवडेल असा माझा अंदाज आहे.

खाण्याचं. बोटीवरचं जेवण बुफे असतं आणि कोळंबी त्यात ठरलेली. शाकाहारी असाल तर बुकिंगमध्ये लिहा, नाहीतर ब्रेड आणि सॅलडवर भागवावं लागेल. शहरात भारतीय हॉटेलं आहेत. शुक्रवार ते रविवार रस्टीज मार्केट भरतं, तिथे फणस, पपई, रामबुतान आणि चॉकलेटसारखा गर असलेलं काळं सपोटे मिळतं. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर आईंची सोय होईल. घरून आणलेला प्रत्येक खाऊ उतरताना कार्डावर लिहा: लाडू, लोणचं, मसाले, बडीशेप, सुका मेवा, सगळं. लिहिलेलं जास्तीत जास्त काढून घेतील. न लिहिलेलं सापडलं तर दंड मोठा आहे आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. ताजी फळं, बिया, घरचं तूप आणि दुधाची मिठाई आणूच नका.

व्हिसा सबक्लास ६०० चा (पर्यटकांचा), पाचही जणांचा वेगवेगळा अर्ज. वडिलांच्या वयामुळे आणि आजारामुळे वैद्यकीय तपासणी मागितली जाऊ शकते, म्हणून तीन महिने आधी लागा. प्रवास विम्यात अँजिओप्लास्टी स्पष्ट नोंदवा, नाहीतर गरजेच्या वेळी ते नाकारतील. भारतातून केर्न्सला थेट विमान नाही. तुमच्या बेतात गोल्ड कोस्टनंतर इथे येणं आणि इथून मेलबर्नला जाणं सर्वात सुटसुटीत. मेलबर्नचं विमान दुपारचं घ्या. आदल्या दिवशी कोणी बुडी मारली असेल तर तेवढे तास हवेतच.